बायपास झाल्यावर गावाचं काय होतं? (निमित्त : माणगाव-इंदापूर)

माणगावचा
नमस्कार मंडळी. मुंबई-गोवा हायवेनं कोकणात जाणाऱ्यांना माणगाव वेगळं सांगायला नको. शनिवारी सकाळी, रविवारी संध्याकाळी, होळीला, मे महिन्यात आणि गणपतीत तर विचारूच नका, तुम्ही सगळे आमच्या बाजारपेठेत अडकलेले असता. पनवेल ते इंदापूर (आमचं रायगडातलं) हा ८४ किलोमीटरचा पट्टा रुंद करायला २०११ साली सुरुवात झाली. पुढच्या टप्प्यांची कामंही नंतर निघाली. इतरत्र रस्ता मोठा होत गेला, पण इंदापूर आणि माणगावला वळसा घालणारे बायपास वर्षानुवर्षं रखडले. त्यामुळे चौपदरीवरून सुसाट आलेल्या गाड्या आमच्याकडे येऊन दोन पदरांत शिरतात आणि रांग लागते.

बायपास हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. आजारी माणसाला गाडीत घालून नाक्यावर ताटकळत बसलेले लोक मी पाहिलेत. प्रश्न पुढचा आहे. आमचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे आणि शेजारी काकांचं उपाहारगृह. काका म्हणतात, बायपास झाला की दोन वर्षांत शटर खाली. वडील म्हणतात, काही होत नाही, उलट गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोहोचेल तरी. ज्यांच्या गावाबाहेरून हायवे आधीच गेलाय त्यांनी कृपया सांगा, प्रत्यक्षात काय झालं? आणि बायपास व्हायच्या आत गावानं काय मागून घ्यायला हवं?

चाकरमानी_विरार
पहिला प्रतिसाद माझा, कारण तुमच्या गावात सर्वात जास्त वेळ मीच थांबलेला असेन :) बायपास आजच्या आज झाला पाहिजे. मुलं मागच्या सीटवर रडतायत, आईला उतरायचंय आणि उतरायला जागा नाही, हे दर गणपतीत होतं. दुकानदारांचं नंतर बघू.

चितारआळी
मी सावंतवाडीचा. आमच्याकडे हे होऊन बरीच वर्षं झाली. जुना एनएच १७ शहरातून, मोती तलावाच्या काठानं जायचा. झाराप-पत्रादेवी हा चौपदरी रस्ता झाला आणि गोव्याची गाडी सावंतवाडीला न शिवता परस्पर बांद्याकडे जाऊ लागली.

आधी तोटा सांगतो. जाता जाता थांबणारं गिऱ्हाईक तुटलं. चहा, थंड पेयं, जेवणाच्या खानावळी, रात्रीच्या ट्रकवर चालणारी गॅरेजं, सगळ्यांना झळ बसली. आमच्या आळीतल्या लाकडी खेळण्यांचंही तसंच. गाडीतून लाकडी फळांच्या परड्या दिसल्या म्हणून उतरणारा माणूस गेला. आता येतो तो ठरवून येतो. पण जो ठरवून येतो तो निवांत बघतो, कारागिराशी बोलतो, दोन वस्तू जास्त घेतो. गर्दी कमी, विक्री मात्र अगदीच बुडाली असं नाही.

आणि तलाव आम्हाला परत मिळाला. संध्याकाळी म्हातारी माणसं काठावर बसतात, पोरं सायकली चालवतात. दहाचाकी ट्रक तिथून जात असते तर हे शक्य नव्हतं. आमची आजी म्हणायची, "रस्तो गेलो म्हणान गाव संपाक नाय." तुझ्या काकांना सांग.

जुन्नरी
चितारआळी, सहमत. माझं गाव नारायणगाव, पुणे-नाशिक रस्ता. या रस्त्यावर राजगुरुनगर, मंचर, कळंब, नारायणगाव अशी बायपासची माळच आहे. आमचा बायपास झाला तेव्हा गावात हीच भीती होती.

पण नारायणगाव हायवेमुळे मोठं झालेलं नाही. टोमॅटोच्या हंगामात बाजार आवारात पिकअपच्या रांगा लागतात, त्या तालुक्यातून आणि शेजारच्या तालुक्यांतून येतात. गुढीपाडव्याच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. ही माणसं नारायणगावला 'येतात', नारायणगाववरून 'जात' नाहीत. त्यामुळे खतं-बियाणं, कापड, भांडी, सोनार, दवाखाने यांना काही झालं नाही. मार खाल्ला तो रसवंतीवाल्यांनी आणि रस्त्यालगतच्या हॉटेलांनी.

म्हणून माझं उत्तर असं की तुझे वडील आणि काका दोघंही आपापल्या दुकानापुरते बरोबर आहेत. हार्डवेअर घ्यायला कोण येतं? मोर्बा, निजामपूर, गोरेगावकडची माणसं. ती बायपासवरून कुठे जाणार?

निशिगंधा
सगळे दुकानांबद्दल बोलताय. ज्यांच्या जमिनीतून बायपास जातो त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर माणगाव तालुक्यातलंच. रस्ता रुंद होताना कडेची पट्टी जाते, पण बायपास शेताच्या मधोमध घुसतो. आमचं एक शेत दोन तुकड्यांत गेलं. विहीर एका बाजूला, भाताची खाचरं दुसऱ्या बाजूला. भूसंपादन झालं तेवढ्या गुंठ्यांचे पैसे मिळाले, पण पलीकडच्या तुकड्यात बैल किंवा पॉवर टिलर कसा न्यायचा याचा मोबदला आमच्या निवाड्यात कुठे दिसला नाही.

त्यात कोकणातले सातबारे. सामायिक खातं, पणजोबांच्या नावापासून वारस नोंदी राहिलेल्या, निम्मे वारस मुंबईत, काही सुरतेला, एखादा कुठे आहे तेच ठाऊक नाही. मोबदला हातात येण्याआधी प्रत्येकाची संमती, प्रत्येकाची सही, नाहीतर पैसे कोर्टात जमा. प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढून आमच्या काकांचे गुडघे गेले. बाजारपेठेला गर्दीतून मोकळीक मिळते याचा आनंदच आहे, पण ती मोकळीक कुणाच्या तरी शेतातून आलेली असते, एवढं लक्षात असू द्या.

चाकरमानी_विरार
निशिगंधाताई, हे खरंच माहीत नव्हतं. जमीन देऊन झाली, मग काम इतकं का रखडलं? कशेडीसारखा डोंगर फोडून बोगदा होतो, अर्धा-पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांत पार होतो, आणि सपाटीवरचा बायपास होत नाही?

रस्तेबांधणी
मी रस्त्यांच्या कामात उभी हयात काढली आहे, आता निवृत्त आहे. चाकरमानी यांचा प्रश्न रास्त आहे.

जुना रस्ता रुंद करताना सरकारच्या ताब्यात आधीच काही रुंदीची जागा असते. ठेकेदार जिथे जागा मोकळी मिळेल तिथे काम सुरू करतो, उरलेलं मागाहून. बायपास मात्र पूर्ण नव्या जमिनीवर असतो. मधला एक गट नंबर वादात अडकला तरी दोन्ही बाजूंचा तयार रस्ता निरुपयोगी. माणगावला तर कोकण रेल्वे ओलांडायची आहे आणि नदीही. रेल्वेवरून पूल न्यायचा म्हणजे आराखड्याला रेल्वेची मंजुरी, गर्डर चढवायला गाड्या थांबवून मिळणारा ब्लॉक, सगळं त्यांच्या वेळापत्रकानं. मध्येच ठेकेदार बदलला की नवी निविदा. कोणत्याही चौपदरीकरणात गावांचे बायपास शेवटी पूर्ण होतात त्याचं कारण हे. एरवी रस्त्यावरचे सगळे अवघड प्रश्न गावांपाशीच गोळा झालेले असतात.

आता मूळ प्रश्नावर. माणगावची कोंडी फक्त मुंबई-गोवा वाहतुकीची नाही. माणगाव हा चौक आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे येणारी गाडी माणगावात शिरते, हायवे ओलांडते आणि मोर्ब्याच्या रस्त्यानं म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला जाते. दिघी बंदराची अवजड वाहनंही त्याच बाजूची. उत्तर-दक्षिण बायपास झाला तरी ही पूर्व-पश्चिम वाहतूक गावातच राहणार, जर तिला बायपासवर चढायला-उतरायला नीट जागा दिली नाही तर. एवढ्यासाठी गाडी कुठून आली आणि कुठे चालली याची पाहणी करतात. गाड्या नुसत्या मोजून हे कळत नाही.

माणगावचा
रस्तेबांधणी सर, हे वाचून अंगावर काटा आला. दर रविवारी पुण्याचे पासिंग असलेल्या गाड्या आम्ही बघतोच, पण बायपासनं त्या जाणार नाहीत हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गावात सगळे धरून चाललेत की बायपास उघडला की बाजारपेठ मोकळी.

एसटीप्रेमी
एक मुद्दा राहतोय. एसटी.

हायवे गावातून जातो तेव्हा लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी स्टँडवर येते. बायपास झाला की ड्रायव्हर-कंडक्टरला वेळ वाचवायचा मोह होतो, आणि खासगी गाड्या तर गावात शिरतच नाहीत. रात्री दोन वाजता फाट्यावर उतरवतात. तिथे ना दिवा, ना शेड, ना रिक्षा. कॉलेजची मुलगी, हातात पिशव्या घेतलेली बाई, म्हातारं जोडपं, सगळ्यांना तिथून दीड-दोन किलोमीटर चालायचं. माझ्या बहिणीनं हे अनुभवलंय, सातारा बाजूच्या एका गावात.

गावानं आत्ताच लेखी मागणी करावी : अमुक गाड्यांना स्टँडवर येणं बंधनकारक, आणि बायपासच्या दोन्ही तोंडांवर शेड, दिवा, प्रसाधनगृह. नंतर कुणी ऐकत नाही.

चितारआळी
+१००. सावंतवाडीचं हेच सगळ्यात मोठं दुखणं. गोव्याच्या खासगी बसनं मुंबईहून येणाऱ्यांना झारापला पहाटे न्यायला घरचं कुणीतरी जावं लागतं. रेल्वे स्टेशन आधीच गावाबाहेर, त्यात रस्ताही बाहेर.

वारजेकर
मी उलट बाजूनं सांगतो, कारण मी बायपासवरच राहतो.

पूर्वी मुंबई-बेंगळुरू हायवे पुण्यातून जायचा. दापोडी, खडकी, शिवाजीनगर, स्वारगेट, मग कात्रजचा घाट आणि जुना बोगदा. ट्रक शहराबाहेर काढायला देहूरोड-कात्रज बायपास केला. वाकड, बाणेर, वारजे, नऱ्हे तेव्हा शेतं आणि वाड्या होत्या. आज या रस्त्याला बायपास म्हणणं हे फक्त सवयीनं. दोन्ही बाजूंना शहर आहे आणि मधून परराज्यातला कंटेनर चाललाय. सकाळी ऑफिसला जाणारी दुचाकी आणि तो कंटेनर एकाच पदरात.

नवले पुलाचं सगळ्यांना माहीत आहे. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार, अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये येतात आणि खाली थेट वस्तीत शिरतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरच्या पहाटे चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकं लावून पाडला, कारण त्याच्याखालून रस्ता रुंद होत नव्हता. शहर पसरणार हे बायपास आखताना धरलंच नव्हतं.

तेव्हा माणगावकरांनो, काळजी बाजारपेठेची करू नका, बायपासच्या कडेची करा. पहिल्याच वर्षी ढाबा येईल, मग टायरवाला, मग एनए प्लॉटच्या पाट्या, मग शाळा. दहा-पंधरा वर्षांनी तुम्ही बायपासला बायपास मागाल.

जुन्नरी
वारजेकर, पुणे आणि माणगाव यांची तुलना बरोबर वाटत नाही. पुण्यात लाखो माणसं बाहेरून आली. माणगाव नगरपंचायत आहे.

वारजेकर
वारजेही तेव्हा गावच होतं. मुंबईपासून काही तासांवर, रेल्वे आहे, बंदर आहे, चौपदरी रस्ता होतोय. प्लॉटिंग सुरू झालं नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

माणगावचा
झालंय. बोर्ड कधीच लागलेत.

काणकोणचो
गोव्यातून लिहितो. काणकोणचा बायपास नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलंय. तळपण आणि गालजीबाग नद्यांवर पूल आहेत. आधी कारवारकडे जाणारा प्रत्येक ट्रक चावडीच्या, म्हणजे काणकोणच्या मुख्य बाजारातून आणि पुढच्या अरुंद वळणांवरून जायचा. आता चावडीत तालुक्यातली माणसं आणि पाळोळ्याच्या किनाऱ्यावर येणारे पर्यटक. बाजार शांत झाला, पण उपाशी राहिला नाही, कारण पाळोळेचा फाटा तिथूनच आहे.

मडगावच्या वेस्टर्न बायपासची गोष्ट मात्र वेगळी. बाणावलीच्या बाजूला सखल शेतजमीन आहे, पावसात पाणी पसरतं. लोकांचं म्हणणं होतं की भराव घालू नका, खांबांवरून रस्ता न्या, नाहीतर पाणी अडेल. त्यावरून आंदोलनं झाली, वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोक विकासाला विरोध करतात. ते फक्त पाण्याची वाट मागत होते.

रस्तेबांधणी
काणकोणचो यांनी फार महत्त्वाचं लिहिलं. बायपास हा बहुतेकदा गावाच्या सखल बाजूनं जातो, कारण तिथे घरं नसतात. घरं नसतात कारण आपल्या वाडवडिलांना पाणी कुठपर्यंत येतं ते ठाऊक होतं. तिथे भराव टाकला की शेतात न कळत बांध घातल्यासारखं होतं. महाड आणि चिपळूणनं जुलै २०२१ मध्ये काय सोसलं ते आपण पाहिलंय. त्या पुराची कारणं अनेक आहेत, ती मी एका रस्त्यावर ढकलत नाही. पण त्या पावसाच्या प्रदेशात रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या किती, कुठे आणि केवढ्या हे गावकऱ्यांनी विचारलंच पाहिजे. नाल्याच्या काठी राहणारी वयस्क माणसं सोबत घेऊन आखणीवरून चाला. नकाशावर न दिसणारे पऱ्हे (छोटे ओढे) ती दाखवतात.

डॉ_मधुरा
वैद्यकीय बाजूनं लिहिते. हायवेलगतच्या एका छोट्या रुग्णालयात काम करते (जिल्हा सांगत नाही). गावातली कोंडी सुटल्यावर रुग्णवाहिकेचा वेळ वाचतो, हे खरं आणि मोठं आहे. धूर आणि हॉर्नमध्ये दिवसभर बसणाऱ्या दुकानदारांचा खोकला, डोकेदुखी कमी झालेलीही मी पाहिली.

पण अपघात संपत नाहीत, जागा बदलतात. गावात गाड्या तुंबलेल्या, म्हणून वेग कमी, धडक किरकोळ. बायपासवर वेग शंभराच्या पुढे आणि तिथेच शेतावर जाणारा माणूस डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडतो, कारण भुयारी मार्ग लांब आहे किंवा त्यात पाणी साचलंय. दुभाजकात जिथे लोकांनी फट पाडलेली असते तिथून आमच्याकडे रुग्ण येतात. निशिगंधा यांचं विभागलेलं शेत आणि माझे रुग्ण, हा एकच प्रश्न आहे.

निशिगंधा
डॉक्टर, धन्यवाद. आमच्याकडचा भुयारी मार्ग पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात असतो. बैल त्यात पाय घालत नाहीत.

पेणकर_मुंबईत
कणकवलीनं तर बायपासऐवजी शहरावरून उड्डाणपूल घेतला. तो पर्याय चांगला नाही का? जमीन कमी जाते, एसटीही स्टँडवर येते.

रस्तेबांधणी
पूर्ण लांबी खांबांवर असेल तर चांगला. खालून गाव आरपार राहतं, रिक्षा आणि भाजीवाले सावलीत बसतात. पण खर्च वाचवायला दोन्ही टोकांना मातीच्या भरावाची भिंत घालतात, आणि ती भिंत गावाचे दोन भाग करते. समोरासमोरची दुकानं एकमेकांना दिसेनाशी होतात. शिवाय बांधकामाची वर्षं गावातच धूळ खात काढावी लागतात. प्रत्येक गावाला एक उत्तर लागू होत नाही.

मावळातली_मेधा
हॉटेलवाल्या काकांसाठी लिहिते. एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा आमच्याकडे हीच धाकधूक होती. लोणावळ्याची चिक्की संपली नाही, कारण लोक लोणावळ्याला मुद्दाम येतात. पण जुन्या रस्त्यावर बस थांबायची म्हणून चालणारी वडापावची, चहाची छोटी दुकानं हळूहळू मिटली. प्रवाशांचं खाणं फूड मॉलमध्ये गेलं. तिथलं भाडं छोट्या माणसाला परवडत नाही. धंदा नाहीसा होत नाही, तो भांडवलवाल्याच्या हातात जातो. हे मला आजही बोचतं. बायपासवर थांबे होणार असतील तर त्यातले काही गाळे विस्थापित होणाऱ्या स्थानिक दुकानदारांना आणि बचत गटांना राखून ठेवा, अशी मागणी आत्ताच करा. काकांनी घरगुती जेवणासाठी नाव कमावलं असेल तर श्रीवर्धनचे पर्यटक वाट वाकडी करतील.

माणगावचा
काकांची पोपटी आणि माशांचं ताट, दोन्हीसाठी लोक आताही गाडी वळवतात. हे त्यांना वाचून दाखवणार आहे.

चाकरमानी_विरार
मी पहिल्या प्रतिसादात "दुकानदारांचं नंतर बघू" लिहिलं होतं. बायपास लवकर व्हावा हे माझं मत कायम आहे. पण एसटीप्रेमी आणि डॉक्टरांनी लिहिलेलं आमच्या गावालाही लागू आहे, फाट्यावर रात्री उतरणारे आमचेच आईवडील आहेत. मागण्यांचं निवेदन कराल तेव्हा मुंबईतल्या मंडळांच्याही सह्या घ्या, मी आमच्या वाडीच्या मंडळाच्या आणून देतो.

रस्तेबांधणी
निवेदनात एक कोरडा वाटणारा मुद्दा जरूर घाला. बायपास सुरू झाला की गावातला जुना रस्ता राष्ट्रीय महामार्ग राहत नाही, तो राज्याच्या बांधकाम खात्याकडे किंवा नगरपंचायतीकडे येतो. हस्तांतरणाआधी त्याची एकदा पूर्ण दुरुस्ती करून घ्यायची पद्धत आहे. गटारं, पदपथ, दिवे, सगळं त्या वेळी मागून घ्या. एकदा कागदावर सही झाली की पुढचा प्रत्येक खड्डा नगरपंचायतीच्या तुटपुंज्या पैशांतून बुजवायचा आहे.

माणगावचा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी व्यापारी आणि ज्यांची जमीन गेली ते शेतकरी अशी एकत्र बैठक बोलावतोय. आजवर हे दोन गट कधी एका खोलीत बसलेले नाहीत. निशिगंधा, तुमच्या काकांना आणता येईल का? आखणीचा नकाशा मागायला उद्या जातो. सर, नकाशा हातात आला की त्यात सगळ्यात आधी काय बघू?

रस्तेबांधणी
निजामपूर रस्ता आणि मोर्बा रस्ता बायपासला कुठे भेटतात ते. जिथे भेटतात तिथे नुसता भुयारी मार्ग आहे की वर चढायला रॅम्प आणि सेवारस्ता आहे, ते बघा. नुसता भुयारी मार्ग असेल तर पुण्याची गाडी बाजारपेठेतूनच जाणार. फोटो काढून इथे टाका, मी रात्री बघतो.

निशिगंधा
काका येतील. गुडघे दुखतात, तेव्हा बैठक तळमजल्यावर ठेवा.